एकतीस महिने शटरच्या आड

मुलुंडची आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि २०२२च्या मे अखेरपर्यंत जागा खाली करून द्या, अशी नोटीस आली. बिल्डर भाडं देणार होता. पण डोंबिवलीला सासूबाई एकट्याच राहत होत्या, त्यांना दम्याचा त्रास, म्हणून आम्ही तिघांनी त्यांच्याकडेच जायचं ठरवलं. त्यांच्या घरी फ्रिज होता, वॉशिंग मशीन होतं, टीव्ही होता. आमच्याकडेही हे सगळं होतं. दोन खोल्यांत दोन फ्रिज मावणार कुठे?

गाद्या आणि कपाटांची मला फारशी चिंता नव्हती, ती नातेवाइकांकडे विखरून ठेवता आली. जीव अडकला होता तो विजेवर चालणाऱ्या वस्तूंत. फ्रिज जेमतेम तीन वर्षांचा. फ्रंट लोड मशीन, ४३ इंची टीव्ही, स्प्लिट एसी, मायक्रोवेव्ह, प्रिंटर. शिवाय दोन वस्तू अशा, की ज्यांना बाजारात किंमत नाही आणि आमच्या घरात मात्र आहे: सासऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणि माझ्या बाबांचा रिळाचा कॅमेरा, त्याच्या दोन लेन्ससकट. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सेल्फ स्टोरेज सुचवलं आणि आम्ही भिवंडीजवळ, नाशिक हायवेच्या कडेला एक जागा बघून आलो. मोठ्या गोडाऊनमध्ये पत्र्याचे पार्टिशन घालून छोटे छोटे गाळे केलेले, प्रत्येकाला वेगळं शटर, कुलूप आपलं, किल्ली आपल्याच हातात. पन्नास चौरस फुटांचा एक गाळा घेतला. तळमजल्यावरचा, कारण भाडं कमी आणि टेम्पो थेट दारापर्यंत जात होता.

शेवटच्या दोन दिवसांत घर आवरताना काय होतं ते ज्याने केलंय त्याला माहीत आहे. फ्रिज आदल्या रात्री बंद केला, सकाळी फडक्याने पुसला. दार उघडू नये म्हणून पॅकर्सच्या मुलांनी त्याला चिकटपट्टी मारली आणि वरून स्ट्रेच फिल्मचे पाच-सहा वेढे घातले. मशीनला, मायक्रोवेव्हला तसेच वेढे. सगळं इतकं घट्ट आणि चकचकीत दिसत होतं, की मला वाटलं आता आत धूळसुद्धा शिरणार नाही. कॅमेरा त्याच्या चामड्याच्या पेटीत, पेटी पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोवती वर्तमानपत्रांचे बोळे. शटर खाली ओढलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि निघालो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंचा दमा उसळला. आमचा नेब्युलायझर त्या गाळ्यातल्या एका खोक्यात होता, म्हणून मी एका रविवारी तिकडे गेले. शटर वर केलं आणि आधी आला तो वास, भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कुबट. फ्रिजवरच्या फिल्मच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब जमले होते, थंड पाण्याच्या बाटलीवर बाहेरून जमतात तसे. मी चाव्यांच्या जुडग्यातल्या किल्लीने फिल्म फाडली, चिकटपट्टी सोडवली, दार उघडलं. दाराच्या रबराला ज्या घड्या असतात त्यातली एकेक घडी बोटाने उलगडून पाहिली, प्रत्येकीत काळे ठिपके. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरच्या वर एक ट्रे असतो, वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात उतरतं. तो ट्रे रिकामा करायचा असतो हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. त्यातलं पाणी आटून खाली हिरवट साका राहिला होता.

मग कॅमेऱ्याची पेटी उघडली. चामड्यावर राखाडी-हिरवी लव आली होती. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये पाहिलं. समोरून बघितलं तर काच स्वच्छ वाटायची, पण उजेड कडेने पडला की कडेपासून मध्याकडे निघालेले बारीक धागे दिसायचे. पांढरे, फांद्या फुटलेले. एका लेन्समध्ये अगदी थोडे होते, दुसरीत अर्ध्याहून जास्त. बाबा हा कॅमेरा दर रविवारी मऊ फडक्याने पुसायचे. मी ती लेन्स हातात घेऊन गाळ्याच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून होते.

ऑफिसात जाऊन विचारलं. जाहिरातीत 'हवामान नियंत्रित' असं छापलं होतं, तेच दाखवलं. तिथल्या माणसाने छताजवळचे एक्झॉस्ट पंखे दाखवले. करारनामा काढून वाचला तर त्यात तसा शब्दच नव्हता. शिवाय ओलीने झालेल्या नुकसानीची जबाबदारी आमची नाही, हे मात्र स्पष्ट लिहिलेलं होतं आणि खाली आमची सही होती. राग आला आणि तो मला आजही रास्तच वाटतो. मुंबईच्या आसपास जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बाहेरचीच हवा आत खेचणारा पंखा तिचं काय करणार?

आमच्या मुलुंडच्या घरी वीस वर्षं फ्रिज-एसीची कामं करणारे एक काका आहेत, त्यांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "वहिनी, बंद ठेवून काही होत नाही. ओलं बंद केलंत, ते नडलं." मग मी सगळंच नव्याने करायला घेतलं.

आधी जागा बदलली. ठाण्याला वागळे इस्टेटच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, पस्तीस चौरस फुटांचा लहान गाळा घेतला, डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र, चालू असलेला. भाडं जवळपास तेवढंच, जागा कमी. वरचा मजला मी हट्टाने घेतला. माझं माहेर कल्याणचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच पुरात आमच्या खालच्या शेजाऱ्यांचा फ्रिज स्वयंपाकघरात आडवा होऊन तरंगताना मी जिन्यावरून पाहिला होता. भिवंडीचा तळमजला घेताना ते कसं आठवलं नाही, कोण जाणे.

या वेळी जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर विकत घेतलं. पण मीटर तरी खरं बोलतंय कशावरून? त्याची तपासणी घरच्या मिठाने होते, हे मला तेव्हा कळलं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यात पाण्याचे थोडे थेंब, मिठाचा चिखल व्हावा इतकेच, मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत हवाबंद करायचं आणि रात्रभर सोडायचं. ओल्या मिठाभोवतीच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हे ठरलेलं. माझ्या मीटरने सकाळी ७९ दाखवलं, म्हणजे चारने जास्त. मीटरच्या पाठीवर पेनाने 'वजा ४' लिहिलं. नव्या गाळ्यात ते दोन दिवस ठेवलं, चार वजा करून आकडा ५५च्या आसपास राहिला. बाहेर धो धो पाऊस सुरू असताना. मग सही केली.

गणपती त्या वर्षी ३१ ऑगस्टला होते. आधीच्या आठवड्यात आम्ही भिवंडीहून सगळं डोंबिवलीला आणलं, मोठ्या वस्तू बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरींची परवानगी काढून. फ्रिजचं रबर खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने घडी घडी उलगडून धुतलं. ट्रे काढून घासला. मग दोन्ही दारं सताड उघडी, समोर टेबल फॅन, तीन दिवस. काकांनी रबराच्या घडीत टिश्यू पेपर खुपसून बाहेर काढला, कोरडा निघाला तेव्हाच "झालं" म्हणाले. गाळ्यात ठेवताना दारं बंद केली नाहीत. जुन्या टॉवेलची गुंडाळी वर-खाली अडकवली, चार बोटं फट राहील अशी, आणि गुंडाळ्या नाडीने बांधल्या. नेताना उभाच नेला. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात उतरतं, म्हणून टेम्पोवाल्याला तीन वेळा बजावलं. सासूबाई म्हणत होत्या आत डांबरगोळ्या टाक. मी म्हटलं, "आई, तो वास प्लास्टिकमध्ये एकदा बसला की दुधालासुद्धा येईल."

वॉशिंग मशीनमध्ये पाणी कुठे कुठे लपलेलं असतं, हे पाहून मी थक्क झाले. आपल्याला वाटतं ड्रम कोरडा म्हणजे मशीन कोरडं. खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत पंपाचा फिल्टर. काकांनी खाली ताट धरून तो फिरवला तर तांब्याभर घाण पाणी आलं. सोबत दोन रुपयांचं नाणं, लेकीची एक क्लिप आणि शर्टाचं बटण. पाणी घेणाऱ्या नळीत पाणी, सोडणाऱ्या नळीत पाणी, साबणाच्या खणाखाली पाणी. हे सगळं अडीच महिने तसंच आत होतं. आणि फ्रंट लोडचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, म्हणून नवीन मशीन येतं तेव्हा त्याच्या पाठीला मोठे ट्रान्झिट बोल्ट लावलेले असतात, ड्रम हलू नये म्हणून. आमचे चार बोल्ट वॉरंटी कार्डाच्या पाकिटात सापडले. पहिल्या वेळी मशीन त्यांच्याशिवायच भिवंडीला गेलं होतं. नशिबाने काही झालं नाही.

एसी काढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं आणि कुणाच्याच असू नये. काकांनी ते मेमध्येच नीट केलं होतं. बाहेरच्या युनिटचा एक व्हॉल्व्ह बंद करून थोडा वेळ कॉम्प्रेसर चालवायचा, सगळा गॅस त्या युनिटमध्ये खेचून घ्यायचा आणि मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करायचा. याला ते 'गॅस लॉक करणं' म्हणतात. तांब्याच्या नळ्यांची तोंडं लगेच टेपने बंद केली होती, आत ओल आणि उंदीर दोन्ही जाऊ नयेत म्हणून. दोघांना मिळून एकच टेप पुरली.

लहान वस्तूंसाठी मी उलटी पद्धत वापरली आणि ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण लोक इथेच गोंधळतात. मोठ्या यंत्रांना श्वास घेता आला पाहिजे: प्लास्टिक नको, जुनी सुती चादर टाकायची, खाली लाकडी पॅलेट, भिंतीपासून वीतभर अंतर. कॅमेरा, लेन्स, हार्ड डिस्क, सेट टॉप बॉक्स, रिमोट यांना मात्र रबराची कड असलेला हवाबंद डबा हवा आणि त्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. सिलिका जेलच्या पुड्या नुसत्या गाळ्यात विखरून टाकण्यात काहीच अर्थ नाही, त्या दोन-चार दिवसांत अख्ख्या खोलीची ओल पिऊन गप्प बसतात. बंद डब्यातच त्यांचा उपयोग. डब्यातून पुठ्ठा आणि वर्तमानपत्र आधी काढून टाकायचं, कारण कागद स्वतःच ओल धरून असतो. मी निळे दाणे आणले होते. ओल प्यायली की ते गुलाबी होतात. मग स्टीलच्या थाळीत पातळ पसरून ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या भट्टीत) १२० अंशांवर दोन तास ठेवायचे, पुन्हा निळे होतात. हा निळा रंग कोबाल्टचा असतो, म्हणून ती थाळी मी स्वयंपाकातून कायमची बाद केली आणि दाणे लेकीच्या हाती लागू दिले नाहीत. आता वाटतं नारिंगी दाणे आणायला हवे होते, ते ओल प्यायल्यावर हिरवे होतात आणि त्यात कोबाल्ट नसतं.

सेल प्रत्येक वस्तूतून काढले. हे मेमध्ये केलं नव्हतं आणि एसीच्या रिमोटमध्ये सेलमधून पांढरी खरड बाहेर येऊन स्प्रिंगवर चढली होती. सेल अल्कलाइन होते, म्हणून कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसलं, थोडं फसफसलं, मग कोरडं केलं. रिमोट वाचला. नवीन ठिकाणी लॅपटॉप, पॉवर बँक असलं काही ठेवू देत नाहीत. लिथियमची बॅटरी असलेली वस्तू बंद गाळ्यात नको, हा त्यांचा नियम मला पटला. लेकीचा जुना टॅब घरातच कपाटात ठेवला, अर्धा चार्ज करून. पूर्ण रिकामी बॅटरी महिनोन् महिने पडली तर ती पुन्हा चार्ज घेत नाही. दर तीन महिन्यांनी ५० टक्क्यांवर आणत राहिले. इन्व्हर्टरची बॅटरी तर साठवायची वस्तूच नव्हे, ती बसल्या जागी उतरत जाते आणि उतरलेली राहिली की मरते. ती डोंबिवलीच्या घरी जोडून टाकली, सासूबाईंचा नेब्युलायझर लाइट गेली तरी चालायला लागला.

टीव्हीचं मूळ खोकं थर्माकोलसकट आमच्या माळ्यावर होतं, त्याचा मला अभिमान वाटला. टीव्ही उभाच ठेवायचा, आडवा टाकून वर काही रचायचं नाही. मागच्या वायरींचे फोटो काढले, भिंतीच्या स्टँडचे स्क्रू पिशवीत घालून टीव्हीच्या पाठीलाच चिकटवले. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर आणि फोटो एका वहीत आणि मेलवर ठेवला.

मायक्रोवेव्ह आणि प्रिंटर दुसऱ्या वेळी ठेवलेच नाहीत. महिन्याचं भाडं गुणिले अंदाजे महिने, गुणिले त्या वस्तूने अडवलेला जागेचा हिस्सा, असा हिशेब मांडला तर दोन वर्षांत त्यांची किंमत भाड्यातच गेली असती. प्रिंटरची शाई तोपर्यंत वाळून गेलेलीच होती. मायक्रोवेव्ह भाचीला दिला, प्रिंटर ई-कचऱ्यात. हा हिशेब मी मेमध्ये करायला हवा होता.

लेन्स फोर्टातल्या एका कॅमेरा दुरुस्तीवाल्यांकडे नेल्या. त्यांनी काचा वेगळ्या करून पुसल्या. एक पूर्ण स्वच्छ झाली. दुसरीतली बुरशी गेली, पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं, धाग्यांच्या खुणा तशाच राहिल्या. "या जाणार नाहीत, पण पसरणारही नाहीत, कोरडी ठेवा," म्हणाले. उजेडाकडे धरून काढलेल्या फोटोत ती लेन्स अजून अंधूक धुकं देते.

त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी गाळ्यावर चक्कर मारली. पावसाळ्यात शक्यतो नाही, कारण शटर उघडलं की बाहेरची दमट हवा आपणच आत घेतो. गेलेच तर पाच मिनिटांत मीटर वाचून, डब्याच्या पारदर्शक बाजूतून दाण्यांचा रंग बघून बंद.

नव्या घराची किल्ली २०२४च्या डिसेंबरमध्ये मिळाली. महिना कोरडा मिळाला हे फार बरं झालं. पहिल्या दिवशी काहीच प्लगला लावलं नाही. फ्रिज जागेवर उभा करून रात्रभर तसाच सोडला, सकाळी लावला, दुपारपर्यंत बर्फ धरला. दार उघडून मी आधी वास घेतला. काहीच नव्हता.

टेपरेकॉर्डर काकांनी थेट प्लगला लावू दिला नाही. त्यांच्याकडे सिरीजचा बोर्ड असतो, वायरच्या मध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. सासूबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या होत्या. काकांनी बटण दाबलं, बल्ब भपकन उजळला आणि हळूहळू विझत आला. रेडिओच्या डायलमागचा दिवा लागला. त्या म्हणाल्या, "हेच, ह्यांच्या उशाशी असायचं." कॅसेट मात्र फिरली नाही. आतला रबराचा पट्टा वितळून काकवीसारखा चिकट झाला होता. हे ओलीने नव्हे, वयाने होतं, असं काका म्हणाले. लॅमिंग्टन रोडला त्या मापाचा पट्टा मिळाला.

वॉशिंग मशीन सगळ्यात शेवटी लावलं. पाठीचे चारही बोल्ट काढले, भोकांवर प्लास्टिकची झाकणं दाबली, एकदा रिकामंच चालवून घेतलं. बोल्ट कागदात गुंडाळून पिशवीत घातले, पिशवीवर 'मशीन हलवण्याआधी लावणे' असं मार्करने लिहिलं आणि ती मागच्या नळीलाच नाडीने बांधून ठेवली.